विमान धरायला एक माणूस

आमच्या मजल्यावर दौलत मेस्त्रींच्या खोलीत शिरायचं तर मान खाली घालावी लागायची. दार काही बुटकं नव्हतं. आत छताला विमानं टांगलेली होती, आणि ती इतक्या खाली की नाकासमोर कुणाचं तरी शेपूट यायचंच. गॅसवाला एकदा सिलिंडर खांद्यावर घेऊन दारातच थबकला. "मेस्त्री, सिग्नल मिळाला का? उतरू आत?" मेस्त्री हसले नाहीत. "डाव्या अंगानं ये, उजवीकडच्या पंखाचा गोंद ओला आहे," एवढंच म्हणाले.

मी गिरगावची. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. तो मिटला असं मला कुणी कधी सांगितलं नाही. लोक हळूहळू त्याच्याबद्दल 'होता' असं बोलायला लागले, इतकंच. मेस्त्री तेव्हा चाळिशीचे असतील. गिरणीच्या सुतारखात्यात होते, मागांना लागणारे लाकडी भाग बनवायचे. संपाच्या पहिल्या काही महिन्यांत चाळीतल्या बऱ्याच घरांनी जे केलं तेच त्यांनीही केलं, बायकोला गावी पाठवलं. रमाबाई देवगडकडच्या. "संप मिटलो काय येतंय," म्हणून गेल्या. गावाला म्हातारे सासू-सासरे होते, थोडी शेती होती, एक म्हैस होती. माणसांची समजूत घालता येते, म्हशीची कशी घालणार? त्या तिकडच्याच झाल्या.

मेस्त्रींना पुढे एका डेकोरेटरकडे काम लागलं. श्रावण लागला की थर्माकोलची मखरं, एरवी दुकानांचे बोर्ड आणि प्रदर्शनांचे स्टॉल. सगळा कोकण गणपतीला गावी पळतो. मेस्त्रींना नेमकं तेव्हाच हलता येत नसे. लोकांच्या गणपतींना महाल बांधून देऊन हे स्वतः शिमग्याला गावी जायचे. रमाबाई एकदा चार दिवस इकडे आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गॅलरीत माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वयनी, खोलीत विमानांक जागा आसा. माका निजाक खंय ती दाखवा." हसत म्हणाल्या, पण पिशवी त्यांनी उलगडलीच नव्हती.

आमची दारं समोरासमोर. आमटी, उसळ, सणाचं गोडधोड असं काही ना काही माझ्याकडून जायचं. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत मेस्त्री कटाक्षानं पाळत. वाटीत घालायला घरात काही नसायचं, म्हणून थर्माकोलचं एखादं कमळ नाहीतर पेरू ठेवून वाटी परत यायची. माझ्या मुली लहान असताना आमच्याकडे अशा फळांची टोपली भरली होती.

विमानं मात्र कमळांसारखी मनची नव्हती. दाराच्या मागे खिळ्याला एक लांब गुंडाळी टांगलेली असे, ट्रेसिंग कागदांची. महायुद्धाच्या आधीच्या विलायती मासिकांत छापून आलेली, बाल्साच्या विमानांची ती ड्रॉइंगं होती. कुणीतरी सुरेख हातानं उतरवून घेतलेली. बाल्सा म्हणजे काय, मी विचारलं.

"लाकडातला कापूस म्हणा, वहिनी. फुंकर घातली तर टेबलावरून सरकतं."

"आणि मिळायचं कुठे?"

"रे रोडला, दारूखान्यात. जहाजं मोडतात ना तिथे. जुन्या जहाजांवरचे तराफे भंगारात निघायचे, बुडू नयेत म्हणून आत बाल्सा भरलेला. आम्ही रविवारी जाऊन उचलायचो. बुडू नये म्हणून घातलेलं लाकूड आम्ही उडवायचो." असं म्हणताना त्यांचा चेहरा जरा उजळला.

"आम्ही म्हणजे?"

ते ब्लेड घासत बसले.

पुढे ते तराफे यायचे बंद झाले. तोवर प्रदर्शनाच्या कामात फोमबोर्ड आला होता. मध्ये फोम आणि दोन्ही अंगांना गुळगुळीत कागद. स्टॉल मोडला की तो कचऱ्यात जाई. मेस्त्री चांगले तुकडे निवडून घरी आणू लागले. त्यामुळे त्यांच्या विमानांवर अर्धवट जाहिराती असत. एका पंखावर कुणा बाईचं नाक आणि वरचा ओठ. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत 'मोफ'. पुढचा 'त' असेल म्हणून मी दुसरा पंख उलटून पाहिला, तिथे साबणाचा फेस होता.

त्यांची कामाची पद्धत मी गॅलरीत तांदूळ निवडता निवडता पाहत असे. ट्रेसिंग बोर्डावर पसरायचं, रेघेवरून टाचणीनं टोचत जायचं, मग टोचे जोडून कापायचं. बाल्साची पट्टी पातळ, हा बोर्ड जाड, म्हणून खाचा तेवढ्या रुंद करायच्या. बाकी कागदावर जिथे रेघ, तिथे तुकडा. पंखाच्या पोटात आडव्या फासळ्या असतात, त्यासुद्धा एकूण एक.

मी शिवणकाम करते. जाड कापड असलं की कागदी बेतातल्या चुण्या आम्ही कमी करतो, नाहीतर झबल्याचं पोतं होतं. मी सहज म्हटलं, "भावजी, बोर्ड एवढा जाड आहे, एवढ्या फासळ्या कशाला?"

"ड्रॉइंगमध्ये आहेत."

"असतील. पण—"

"वहिनी, सुतारखात्यात ड्रॉइंग आलं की आलं. त्यात आपलं डोकं घालायचं नाही. एक पट्टी चुकली तर अख्खा माग ठप्प उभा राहतो."

मी तांदूळ निवडत राहिले. अख्खी गिरणीच केव्हाची ठप्प उभी होती, ते काय मी त्यांना सांगायचं?

विमान उडत नव्हतं, खरी गोष्ट ही होती. रविवारी पहाटेच ते एखादं घेऊन नरे पार्कात जायचे आणि मैदानावर खेळणारे जमायच्या आत परत यायचे. कुणी विचारलं, "काय मेस्त्री, दिल्लीला पोचलं का?" तर म्हणायचे, "पीळ कमी पडला."

हा पीळ काय तो त्यांनी मला एकदा दाखवला. विमानाच्या पोटातून नाकापासून शेपटीपर्यंत रबराच्या पट्ट्या जातात. त्या पिळायच्या, आणि पीळ सुटताना पुढचा पंखा फिरतो. पण भरपूर पीळ द्यायचा तर रबर नाकातून बाहेर ओढून चार हात लांब ताणावं लागतं. एकानं विमान दोन्ही हातांनी धरायचं, दुसऱ्यानं समोर उभं राहून हाताच्या ड्रिलनं पिळत पिळत पुढे यायचं. एकट्याचं ते कामच नाही. मेस्त्रींनी गॅलरीच्या कठड्याला आकडा ठोकून त्याला शेपूट अडकवून पाहिलं होतं. बाल्सा असतं तर टिकलं असतं; फोम फाटला. "ह्याला माणसाचाच हात लागतो," ते म्हणाले. "घट्ट पण धरायचं आणि दाबायचं पण नाही."

"द्या, मी धरते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. शेवटी दिलं. मी गॅलरीच्या ह्या टोकाला, ते त्या अंगाला. ड्रिल फिरू लागलं तसं रबराला गाठी पडत गेल्या, गाठींवर गाठी. मग ते कुरकुरायला लागलं. माझ्या हातात ते विमान जिवंत झाल्यासारखं थरथरत होतं, आणि समोरून मेस्त्री एकेक पाऊल माझ्याकडे येत होते, नजर सरळ माझ्या डोळ्यांत. परक्या माणसानं इतका वेळ आपल्याकडे असं पाहायची सवय नसते हो आपल्याला. मी खाली बघितलं. खाली बघितलं आणि हात सैल झाला. रबर फटकन सुटलं, विमानाचं नाक चेचलं आणि मेस्त्रींच्या बोटातून रक्त आलं.

मी हळद आणायला धावले. ते बोट चोखत म्हणाले, "तुमची चूक नाही. नजर हलवली की सुटतंच. लॉरेन्स पापणी पण हलवत नसे."

हे नाव मी प्रथमच ऐकलं. मेस्त्रींनी पुढे काही सांगितलं नाही. सांगितलं ते खालच्या मजल्यावरच्या कुशाबानं. कुशाबा त्याच गिरणीत विणकर होता, संपाच्या वेळी फाटकावर पुढे असायचा. नंतर एका सोसायटीत रखवालदार झाला.

"परेरा," तो म्हणाला. "ड्रॉइंग ऑफिसात होता. गिरगावातल्या खोताच्या वाडीचा. गिरणीत दौलत त्याला परेरासाहेब म्हणायचा, रविवारी लॉरेन्स आणि अरे-तुरे. दोघं मिळून इमानं उडवायचे दादरला."

"मग भांडण कशावरून झालं?"

"भांडण कुठलं! संपात स्टाफला आत बोलवायचे ना. आत जाणाऱ्याला फाटकावर बांगड्या भरायच्या, हा तेव्हाचा आहेर. परेरा आला. बायका बांगड्या घेऊन उभ्या, पण कोण पुढे होईना. माणूस भला होता तो, सगळ्यांची कामं करायचा. तेव्हा मीच म्हटलं, दौलत, तुझा दोस्त ना रे? मग भर तूच. नाय भरल्यास तर उद्या तू पण आत जाणार, असं आम्ही समजू."

"आणि भावजींनी भरल्या?"

"भरल्या. बारीक मनगट, सटासट गेल्या. परेरा एक शब्द बोलला नाय. काढल्या पण नाय. तसाच आत गेला. वाजत होत्या." तो खुर्चीवरून उठला. "मेस्त्रीला सांगू नका मी बोललो म्हणून. त्या वेळी सगळेच तसे होते, वयनी."

मग माझ्या लक्षात आलं की नरे पार्कात ते विमान उडो न उडो, मेस्त्रींना हवं होतं ते समोर उभं राहून विमान धरणारं माणूस. आणि ते एकच होतं. मी बरेच महिने आडून आडून सुचवत राहिले. "माझं माहेर वाडीपासून हाकेवर आहे," "आईकडे चालले आहे, काही निरोप आहे का?" ते विषय बदलायचे. शेवटी एका रविवारी मी सरळच म्हटलं, "भावजी, मी टॅक्सीनं चालले आहे. विमान मावेल."

ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, रागावले. मग दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, विमान रमाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बाहेर आले. काखेत ट्रेसिंगची गुंडाळी. टॅक्सीत जागा होती तरी लालबागपासून गिरगावपर्यंत विमान त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही.

वाडीतल्या त्या लाकडी घराचं दार परेरांच्या बायकोनं उघडलं. फिलोमिनाबाई. त्यांनी मेस्त्रींना ओळखलं की नाही, मला कळलं नाही. आत वळून म्हणाल्या, "लॉरी, मिलमधलं कोन तरी आलंय."

परेरा व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते. अंगानं काडी. उजवा हात सारखा थरथरत होता आणि तो त्यांनी डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता.

"दौलत," ते म्हणाले.

"हो."

"केस गेले तुझे."

"गेले."

"बस. ह्या कोण?"

"शेजारच्या वहिनी."

मी नमस्कार केला. परेरांची नजर लुगड्यावर होती. "आण इकडे," ते म्हणाले. मेस्त्रींनी गुंडाळी सोडून विमान त्यांच्या तळहातांवर ठेवलं. उजवा हात थरथरत होता, त्यामुळे विमान वाऱ्यात असल्यासारखं डुगडुगत होतं. परेरांनी पंखावरच्या बाईचं नाक पाहिलं. "ही कोण? रमाबाई?"

"टूथपेस्टवाली," मेस्त्री म्हणाले. फिलोमिनाबाई आतून हसल्या.

"जड आहे, दौलत."

"बोर्ड जड आहे. पीळ कमी पडतो."

"बोर्डाचं नाव सांगू नको." परेरांनी नखानं पंख वाजवला. "आत काय भरलंस?"

"फासळ्या."

"किती?"

"ड्रॉइंगमध्ये आहेत तेवढ्या."

परेरा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "अरे, बाल्साच्या विमानावर पातळ कागद असतो. त्या कागदाला आकार द्यायला फासळ्या. तुझा बोर्ड तर स्वतःच हाड आणि स्वतःच कातडं. वाकवला की पंख झाला! हाडाच्या आत हाडं भरलीस तू. जन्मभर सुतारकी केलीस आणि हे कळलं नाही तुला?"

"कळलं होतं," मेस्त्री म्हणाले.

"कधी?"

"दुसऱ्याच विमानाला."

"मग?"

मेस्त्री जमिनीकडे पाहत होते. "ड्रॉइंग तुझं आहे," ते म्हणाले. "तुझी रेघ मी कशी खोडू?"

परेरांचं हसू तिथल्या तिथे थांबलं. त्यांनी विमान माझ्याकडे दिलं, मी ते अलगद टेबलावर ठेवलं. फिलोमिनाबाईंनी चहा आणला, केक आणला.

मग मेस्त्री एका दमात बोलले. वाटेत घोकून आले असावेत. "लॉरेन्स, रविवारी ये. नरे पार्कात सकाळी वारा नसतो. फासळ्या काढून नवं करतो. मी पिळतो, तू धर."

"ह्या हातांनी?"

"दोन्ही हातांनी धर. वहिनी बाजूला राहतील. मी जास्त पीळ देणार नाही."

"हाताचं नाही रे." परेरांनी थरथरता हात पुन्हा मांडीवर दाबला. "पिळताना समोर उभं राहावं लागतं. तू तिकडे, मी इकडे, तोंडाकडे तोंड करून. फाटकावर तू माझ्या मनगटाकडे बघत होतास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. ते तोंड मला अजून दिसतं. आता तेवढा वेळ तुझ्यासमोर उभं राहायला मला नाही जमणार."

"मी माफी मागायला आलो होतो."

"माहीत आहे. विमान घेऊन आलास तेव्हाच मागून झाली."

"मग राग कशाला ठेवतोस?"

"राग नाही. राग केव्हाच गेला. राग असता तर आलो असतो, चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो." ते बायकोकडे वळले. "फिलू, पेन्सिल दे."

त्यांनी ट्रेसिंग टेबलावर पसरायला लावलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी पंखाच्या पोटातल्या फासळ्या एकेक करून खोडल्या. रेघा वेड्यावाकड्या येत होत्या. प्रत्येक रेघेला मेस्त्रींचे खांदे आकसत होते. फासळ्या संपल्यावर पेन्सिल पुढे सरकली आणि रबराची लांब रेघही खोडली गेली. मग नाकावरचा पंखा.

"हे कशाला?" मेस्त्रींचा आवाज बदलला होता.

"ह्याला रबर नकोच. नाकात थोडं शिसं घाल आणि हातानं फेक. चांगलं तरंगेल." परेरांनी पेन्सिल खाली ठेवली. "ह्याला धरायला कुणी लागत नाही."

निघताना फिलोमिनाबाईंनी केकचा तुकडा कागदात बांधून दिला. परेरा खुर्चीतून उठले नाहीत. मेस्त्री पायरीवर एकदा थांबले, पण मागे वळले नाहीत. मी त्या दिवशी आईकडे गेलेच नाही. त्यांना एकट्यानं परत पाठवायला मन होईना. टॅक्सी भायखळ्याला सिग्नलला थांबली तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

"काय बरोबर, भावजी?"

"जडच होतं."

त्यानंतर त्यांच्या खोलीतली विमानं कमी होत गेली. कुणाला मखराच्या कामात दिली, कुणा मुलांना. एक नवं तेवढं आलं. एकाच बोर्डाचा वाकवलेला पंख, सडपातळ अंग, नाकाशी शिशाचा ठिपका. पोट रिकामं. मला ते आधी विमानच वाटेना.

रविवारी सकाळी परळला भाजीला जाते, ती घेऊन परतताना नरे पार्कावरून येणं होतं. पहिल्यांदा ते विमान हवेत पाहिलं तेव्हा मी पिशव्या खाली ठेवून उभीच राहिले. मेस्त्रींनी खांद्याच्या वर नेऊन ते हलकेच सोडलं. फेकलं असंही म्हणवत नाही. ते सरळ निघालं, कसलाही आवाज न करता मैदानभर गेलं आणि पलीकडच्या भिंतीपाशी गवतात उतरलं. मी टाळी वाजवली. मेस्त्रींनी हात वर केला आणि विमान आणायला चालू लागले. चालायला त्यांना बराच वेळ लागला, गुडघे दुखतात त्यांचे. तिथे पोचून त्यांनी ते उचललं आणि ह्या टोकाकडे परत सोडलं. मग पुन्हा चालत आले.

मी कठड्यापाशी जाऊन म्हटलं, "भावजी, मी त्या टोकाला उभी राहते. तुम्ही सोडा, मी परत पाठवते. तुमचा हेलपाटा वाचेल."

त्यांनी जरा विचार केला. खरंच केला.

"नको वहिनी," ते म्हणाले. "तुमची भाजी सुकेल."

विमान पुन्हा गेलं होतं. ते त्याच्या मागे निघाले. पलीकडे पोचून त्यांनी ते उचललं, पंखाला लागलेली माती बाहीनं पुसली, आणि वारा कुठून येतोय ते पाहत थोडा वेळ तसेच उभे राहिले.